वाणाचं घड्याळ

एसीसाठी बाजूला ठेवलेले सत्तर हजार रुपये जावयाच्या मनगटावर जाणार, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी झाशीत पंचेचाळीस डिग्री होती. मी कूलरसमोर बनियनवर बसलो होतो. अनुसूयेनं अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले, हात पुसले आणि बाहेर येऊन सांगितलं, "परवा अधिक लागतोय. यंदा अनुपला वाणात घड्याळ द्यायचं. स्विस."

"आणि एसी?"

"पुढच्या वर्षी. उकाडा काय, दर वर्षी येतो. अधिक तीन वर्षांनी येतो."

चाळीस वर्षांच्या संसारात मला एवढं नक्की कळलंय की ही केव्हा विचारते आणि केव्हा कळवते. हे कळवणं होतं.

मी विद्याधर. एकतीस वर्षं रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. म्हणजे एका खोलीत फोन आणि कागद घेऊन बसायचं, कुठली गाडी कुठे आहे ते बघायचं, कुणाला थांबवायचं आणि कुणाला सोडायचं ते ठरवायचं. मूळचा भुसावळचा. अनुसूयेचं माहेर मात्र दोनशे वर्षांपासून झाशीत, लक्ष्मी गेटजवळ. त्यामुळे इथे चाळीस वर्षं काढूनही तिच्या लेखी मी बदलीवर आलेला माणूस आहे. घरातही मी कंट्रोलरसारखाच वागतो असं लोक म्हणतात. लोक म्हणजे अनुसूया.

"स्विसच कशाला?" मी विचारलं. "चांगलं देशी घेऊ."

"त्या दिवशीचं देशी होतं. तेव्हाच दिलं असतंत तर देशीवर भागलं असतं. आता सात वर्षांचं व्याज धरा."

मी कूलरचा वेग वाढवला.

सात वर्षांपूर्वी आमच्या देविकाचं लग्न झालं. मुलगा झाशीजवळच्या मऊरानीपुरचा, घरची गल्ल्याची, म्हणजे धान्याची, आढत, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मी फार खुश नव्हतो, पण आडवाही आलो नाही. फक्त एक अट घातली, लग्न आपल्या पद्धतीनं, दिवसा, मुहूर्तावर. मुहूर्त अकरा वाजून त्रेपन्न मिनिटांचा होता. अक्षता वाटून झाल्या, भटजी अंतरपाट घेऊन तयार, आणि वरातीचा पत्ता नाही. बारा वाजले, एक वाजला, फोन लागेना. वरात आली तेव्हा चार वाजले होते. मग गोरज मुहूर्तावर लग्न लागलं.

लग्नानंतर सासऱ्यानं जावयाच्या हातात घड्याळ बांधायचं असतं. मी खिशातून डबी काढली, उघडली, आणि दोनशे माणसांसमोर म्हणालो, "जिसको टाइम की कदर नहीं, उसको घड़ी किस काम की?" आणि डबी पुन्हा खिशात टाकली.

आधी काही जण हसले. मग कुणीच हसलं नाही. अनुपनं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला आणि शेल्याखाली लपवला.

त्याच रात्री मला वाईट वाटलं होतं. खरं सांगतो, झोप लागली नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि तसं बोलून दाखवणं वेगळं, आणि दुसरी गोष्ट मला कधी जमलेली नाही. अनुप त्यानंतर घरी येत राहिला. वाकून नमस्कार करी, "पापाजी, तबियत कैसी है" विचारी, चहा घेई, आणि कामापुरता थांबून निघून जाई. एकदाही वर तोंड करून बोलला नाही. फक्त हातात घड्याळ घालत नसे. किती वाजले बघायचे असले की खिशातून फोन काढी. येईल त्या वेळी माझी नजर त्याच्या उघड्या मनगटावर जाई, आणि तो ती गेलेली पाही.

मधे दोन अधिक महिने येऊन गेले. एक कोरोनात गेला. दुसऱ्याच्या वेळी अनुसूयेनं विषय काढला तर मी "बघू" म्हणालो. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला माहीत होतं. यंदा तिनं बघू म्हणायची संधीच दिली नाही.

एकदा घ्यायचं ठरल्यावर मी कामाला लागलो. वहीत रकाने आखले. सत्तर हजारांत स्विस घड्याळ म्हणजे लाखांची गंमत सोडून द्यायची, आणि तरी जे उरतं ते इतकं आहे की माणूस चक्रावतो. कुणी म्हणतं टिसो घ्या, कुणी म्हणतं मिडो, कुणी हॅमिल्टन. मला पहिल्या दिवशीच सर्टिना पटलं. त्यांचं एक सेलवर चालणारं घड्याळ वर्षाला फार तर दहा सेकंद चुकतं. वर्षाला दहा! ते वाचून माझं मन भरून आलं. मग हॅमिल्टनबद्दल वाचलं की अमेरिकेत एके काळी ते रेल्वेवाल्यांचं घड्याळ होतं, आता स्वित्झर्लंडमध्ये बनतं. तिथे मी दोन दिवस अडकलो.

"तुमच्यासाठी घेताय की त्याच्यासाठी?" अनुसूयेनं विचारलं.

तिला घेऊन सदर बाजारात दुर्गा भैयाच्या दुकानी गेलो. दुर्गाप्रसाद हा जुना ओळखीचा, वजनदार माणूस, बोलतो कमी आणि दाखवतो जास्त. सर्टिना आणि हॅमिल्टन त्याच्याकडे नव्हती, दिल्लीहून मागवावी लागणार होती. त्यानं टिसो आणि मिडोचे ट्रे समोर ठेवले.

"सेलवाली दिखाऊँ कि ऑटोमॅटिक, साहब?"

"टाइम कौन-सी सही देगी?"

"सेलवाली. ऑटोमॅटिक तो हाथ के हिलने से चलती है. दिन के पाँच-सात सेकंड इधर-उधर होंगे."

"दिन के?" मी ओरडलोच. "साल के नहीं, दिन के? और दाम दुगना?"

"हओ साहब," दुर्गा भैया शांतपणे म्हणाला. "मशीन के दाम हैं."

मी सेलवाल्या टिसोकडे वळलो. स्टीलचं, साधी पांढरी तबकडी, आकडे ठसठशीत, किंमत निम्मी. एसीचंही अर्धं काम झालं असतं. मिडोचं एक दिसायला फार देखणं होतं, पण पट्टा चामड्याचा, आणि वाणात चामडं चालणार नाही असं अनुसूयेनं आधीच बजावलं होतं. मी टिसो उचलून "पॅक कर दो" म्हणणार, तेवढ्यात तिनं काचेवर बोट ठेवलं.

"वो दिखाइए भैया. जिसमें छेद है."

खरंच भोक होतं. तबकडीत बाराच्या आकड्याखाली गोल खिडकी कापलेली, आणि आत एक इवलंसं चक्र लुकलुक मागेपुढे होत होतं. ऑटोमॅटिक टिसो. स्टीलची चेन.

"हेच," अनुसूया म्हणाली.

"अगं, हे रोज चुकणार. आणि भोक कशाला?"

"अधिकाचं वाण आहे. जाळीचंच द्यायचं असतं. अनारसे का करतो आपण? बत्तासे का देतो? छिद्रं असतात म्हणून. विनाछिद्राचं वाण कसं द्यायचं जावयाला?"

मी दुर्गा भैयाकडे पाहिलं. त्याला मराठी समजत नव्हतं, पण नवराबायकोचं भांडण सगळ्या भाषांत समजतं. तो शेल्फ पुसायला लागला. मी वर्षाला दहा सेकंद सांगितलं, रेल्वेवाल्यांचं घड्याळ सांगितलं, अर्ध्या किमतीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वेळ बरोबर दाखवणारं घड्याळ तुम्ही त्याला दिलंत तर तो काय समजेल?"

मी टिसो ट्रेमध्ये परत ठेवलं. हे माझ्या वहीच्या कुठल्याच रकान्यात आलं नव्हतं. वर्षाला दहा सेकंदांचं घड्याळ दिलं असतं तर ते दुसरं वाक्यच झालं असतं, पहिल्याहून कडू.

भोकवालं घड्याळ सत्तरच्या थोडं वर जात होतं. वरचे अनुसूयेनं तिच्या पर्समधून काढले, आणि एसीच्या वायरिंगवाल्याला मी फोन करून नको म्हणून सांगितलं.

रविवारी देविका आणि अनुपला वाणासाठी बोलावलं. वाण बारा वाजता द्यायचं होतं. मी अनुपला फोनवर साडेदहा सांगितले. अनुभवी माणूस आहे मी, उशिराची सोय आधीच करून ठेवतो.

दहा पंचवीसला दारात गाडी थांबली.

अनुसूयेच्या हातात झारा होता. तुपात नुकताच एक अनारसा हसला होता, म्हणजे पसरून त्याचे तुकडे झाले होते, आणि तिचा चेहरा त्यामुळे मुळीच हसरा नव्हता. "इतक्या लवकर?" ती म्हणाली. देविका म्हणाली, "बाबांनी तर साढ़े दस बोले होते." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी पंचांग शोधायला गेलो.

पुढचा दीड तास मी आणि अनुप कूलरसमोर बसलो. गव्हाच्या भावावर चार मिनिटं बोललो. मग तो कूलरकडे बघत बसला आणि मी त्याच्या हाताकडे. बत्तीस-तेहतीस वर्षांचा पोरगा, पण केस कानाशी पांढरे व्हायला लागले होते. देविकाचं सगळं छान चाललंय हे मला माहीत होतं. शाळेत शिकवते, हसते, वजन वाढलंय. तिला सुखात ठेवणारा माणूस माझ्यासमोर दीड तास बसला होता आणि मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्यानं ते घड्याळ माझ्यादेखत हातात घालावं. एकदा घातलं की झालं.

बाराला दोघांना पाटावर बसवलं. अनुसूयेनं ओवाळलं. ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. ते अनुपच्या हाती दिल्यावर तिनं मला डोळ्यानं खूण केली. मी डबी पुढे केली.

अनुपनं डबी उघडली. बघत राहिला. खिडकीतलं चक्र बघून त्याच्या ओठाच्या कडेला हसू आलं, लहान मुलाला येतं तसं. त्यानं घड्याळाला बोट लावलं. मग डबी मिटली आणि पाटाशेजारी ठेवली.

"बहुत सुंदर है पापाजी. पर अभी नहीं पहन पाऊँगा. वो क्या है कि..."

"ठीक है," मी म्हणालो, आणि आत निघून गेलो.

ते 'ठीक है' कसं होतं ते माझ्या हाताखालचे स्टेशन मास्तर सांगतील. त्यानंतर समोरचा माणूस पुढचं बोलत नसे. जेवायला बसलो ते मुकाट्यानं. अनुपनं दोन अनारसे खाल्ले, नमस्कार केला, घड्याळाची डबी नीट बॅगेत ठेवली, आणि चार वाजता दोघं गेली.

गाडी वळल्यावर मी फुटलो. "वसूल केलंन! सात वर्षं थांबून वसूल केलंन! मी हात मागे घ्यायला लावला, त्यानं डबी मिटली. फिट्टंफाट!"

"मलमास आहे," अनुसूया म्हणाली. ती उरलेले अनारसे डब्यात भरत होती.

"काय?"

"आपला अधिक, तो त्यांचा मलमास. या महिन्यात त्यांच्याकडे नवं काही अंगाला लावत नाहीत. इंदूबाई नवा रुमालसुद्धा घेत नाहीत. त्यात आईचा शब्द मोडायचा नाही अनुप."

इंदूबाई म्हणजे अनुपची आई. मी खुर्चीत बसलो.

"तुला माहीत होतं?"

"मी झाशीत जन्मले. शेजारीपाजारी काय करतात ते चाळीस वर्षांत तुमच्याच लक्षात आलं नाही."

"मग मला आधी नाही सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही महिना संपल्यावर दिलं असतंत. मग ते वाण कसलं? आपण आपल्या रीतीनं द्यायचं, त्यानं त्याच्या रीतीनं घालायचं. एवढं दोन घरांत चालायलाच हवं."

"निदान त्यानं तरी सांगायचं!"

अनुसूयेनं डब्याचं झाकण लावलं. "सांगत होता. तुम्ही ठीक है म्हणून आत गेलात."

मी पंचांग काढून अमावास्या कधी ते बघितलं. शेवटी मी विचारलं, "महिना संपल्यावर घालेल?"

"ते मला काय ठाऊक? ते तुमचं आणि त्याचं आहे."

नंतरचे दिवस मी फार वाईट काढले. फोन करावा असं रोज वाटे. नंबर काढी आणि ठेवून देई. काय म्हणणार होतो? घाला हो, असं का म्हणायचं? देणाऱ्यानं घेणाऱ्याला आठवण करायची नसते. देविकाला विचारलं तर ती म्हणाली, "बाबा, कपाटात आहे. मी काही बोलणार नाही." बापावर गेली आहे. उकाडा तर असा की रात्री भिंतीला हात लावला तर चटका बसे. अनुसूया एकदाही एसी म्हणाली नाही, त्यामुळे मलाही म्हणता येईना.

अधिक संपला. निज ज्येष्ठाची प्रतिपदा उजाडली, मंगळवार होता. मी सकाळपासून फोन शेजारी ठेवून बसलो. अकरा वाजले, दोन वाजले. फोन आला नाही. साडेतीनला मी फोन उलटा करून ठेवला आणि स्वतःला म्हणालो, तुझ्यासारख्याला हेच बरोबर आहे.

पावणेचारला दार वाजलं.

अनुप एकटाच उभा होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मऊरानीपुरहून मोटरसायकलवर आला होता, त्या उन्हात. त्यानं पाणीही न घेता बॅगेतून डबी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"आज से पहन सकता हूँ," तो म्हणाला. "पर बंद पड़ गई है पापाजी. रखे-रखे. मैंने चालू नहीं की. सोचा, आप ही टाइम मिला दीजिए. और पहना भी आप ही दीजिए."

मी चष्मा शोधला. तो डोळ्यावरच होता. खिडकीतलं चक्र थांबलेलं होतं. किल्ली फिरवली तसं ते लुकलुकायला लागलं. कंट्रोलमध्ये रोज चार वाजता सगळ्या स्टेशनांना फोनवरून वेळ द्यायची असते, मग सगळे मास्तर आपापली घड्याळं त्यावर लावतात. एकतीस वर्षं मी ती वेळ दिली. म्हणून मी किल्ली बाहेर ओढली, काटे चारवर आणले आणि म्हटलं, चार वाजू देत. आम्ही दोघं दहा-बारा मिनिटं तसेच समोरासमोर बसून राहिलो. चार वाजले तसं मी किल्ली आत दाबली.

त्यानं हात पुढे केला. मी चेन त्याच्या हातात चढवली, कडी लावली. सैल होत होती. दोन कड्या काढायच्या की तीन ते बघायला मी त्याचं मनगट धरलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अनुप, उस दिन लेट क्यों हुए थे?"

त्यानं वर पाहिलं.

एकतीस वर्षांत माझ्या सेक्शनमधून उशिरा गेलेली अशी एक गाडी नाही जिचं कारण मी विचारलं नसेल. पाच मिनिटांचा उशीर असला तरी फोन उचलून विचारायचो आणि लिहून ठेवायचो. कोळशाच्या मालगाडीलासुद्धा विचारायचो. माझ्या मुलीच्या नवऱ्याला विचारलं नव्हतं.

"दादी," तो म्हणाला. "वो ज़िद करके साथ आई थीं. रास्ते में उनकी हालत बिगड़ गई. एक छोटे-से दवाखाने में बोतल चढ़वाई. बोलीं, मुझे छोड़ के मत जाना, तेरी शादी देखनी है. मैं सेहरा उतारके उनके पास ज़मीन पे बैठा था. घर के बड़ों ने कहा, लड़कीवालों को फोन मत करना, बीमारी की खबर अपशकुन मानेंगे. पहुँचके बता देंगे." तो थांबला. "पहुँचे तो आपने पूछा ही नहीं."

"दादी शादी में थीं?"

"सबसे आगे बैठी थीं. उन्होंने भी सुना था. लौटते में रास्ते भर रोती रहीं कि मेरे कारण हुआ, देविका से भी कसम ले ली कि मायके में मत कहना. डेढ़ साल बाद गईं."

आतून अनुसूयेच्या भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"माझी चूक झाली, अनुप," मी म्हणालो. मराठीत म्हणालो, कारण हिंदीत मला फक्त हुकूम देता येतात. "तुझी नाही, दादींची नाही. माझी."

त्याला मराठी समजतं. सात वर्षं देविकाबरोबर राहिलाय. त्यानं मान हलवली, आणि त्याचे डोळे भरून आले तसे त्यानं ते खाली घड्याळाकडे वळवले. मनगटाचं माप कधीच घेऊन झालं होतं. मी हात सोडला नव्हता, आणि त्यानंही तो मागे घेतला नाही.